पाणी कुठवर आलं आणि किती वाजता आलं

२०२४च्या ऑगस्टचा शेवटचा दिवस, शनिवार. वडोदऱ्यात, कारेलीबागेतल्या आईच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही पत्र्याच्या पेटीतले, पुरात भिजलेले कागद वाळत घालत होतो. बाबांचं सर्व्हिस बुक, घराचा दस्तऐवज, माझ्या गुणपत्रिका, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, सगळं एकमेकांना चिकटून लगदा व्हायच्या बेतात आलेलं. आई एकेक पान नखाने सोडवत होती आणि मी त्यावर विटेचे तुकडे ठेवत होते. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी निघाली. सप्टेंबर २००५चं, इथल्याच एका गुजराती दैनिकाचं परदेशी बातम्यांचं पान. मी लावलेलं पहिलं पान, म्हणून बाबांनी जपून ठेवलेलं.

शाई पसरली होती, तरी मथळा वाचता येत होता. न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममध्ये आसरा घेतलेल्या लोकांत खून आणि बलात्कारांचं थैमान, असा तो मथळा. मीच दिलेला. त्याखाली छापलेलं बहुतेक सगळं पुढे खोटं ठरलं आणि ते खोटं ठरल्याची बातमी आम्ही कधीही छापली नाही.

आईने ते पानही सरळ करून विटेखाली ठेवलं. मला मात्र तिथून पुढे काही सुचेना.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, डेस्कवर नवीन. इंग्रजी बरं म्हणून परदेशी बातम्या माझ्याकडे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, वृत्तसंस्थांच्या तारेवर इंग्रजी. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना यात विशेष काही वाटत नाही. ते वर्षच पाण्याचं होतं. जूनच्या शेवटी वडोदरा बुडालं. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याणच्या मावशीशी दोन दिवस फोन लागत नव्हता. आणि २९ ऑगस्टला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कट्रीना चक्रीवादळ धडकलं. वादळ येऊन गेलं. न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं ते पूरभिंती फुटल्याने. त्या भिंती केंद्र सरकारच्या लष्करी अभियंत्यांनी बांधलेल्या, आणि काही ठिकाणी पाणी भिंतीच्या काठापर्यंत चढण्याआधीच त्या ढासळल्या. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

कार्यालयातल्या टीव्हीवर आम्ही ते बघत होतो आणि आमच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं: अमेरिकेतसुद्धा? सुपरडोम नावाच्या स्टेडियममध्ये पंचवीस-तीस हजार माणसं, वीज नाही, संडास तुंबलेले. कन्व्हेन्शन सेंटरवर आणखी हजारो, तिथे तर पाण्याची बाटलीसुद्धा नाही. बाहेर खुर्चीत बसल्या बसल्या मेलेल्या एका म्हातारीवर कुणीतरी चादर घातलेली. दिवसचे दिवस कुणी येईना. राष्ट्राध्यक्ष बुश यांचा ३१ तारखेचा फोटो आला, विमानाच्या खिडकीतून खाली बघतानाचा. २ सप्टेंबरला त्यांनी आपत्ती-निवारण संस्थेचे, म्हणजे फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन यांची सर्वांसमोर पाठ थोपटली. दहा दिवसांनी ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला.

त्या आठवड्यातले दोन प्रसंग मी आजही विसरलेले नाही. दोन्ही १ सप्टेंबरचे.

कन्व्हेन्शन सेंटरवर माणसं अडकल्याचं केंद्र सरकारला आजच कळलं, असं ब्राउन टीव्हीवर सांगत होते. टेड कॉपेल या ज्येष्ठ पत्रकाराने त्यांना विचारलं, तुम्ही लोक टीव्ही बघत नाही का? रेडिओ ऐकत नाही का? आमचे वार्ताहर हे आजच नाही, आधीपासून सांगताहेत. दुसरा प्रसंग सीएनएन वाहिनीच्या अँडरसन कूपरचा. तो मिसिसिपीत उद्ध्वस्त झालेल्या गावात उभा होता आणि लुइझियानाच्या सिनेटर मेरी लँड्र्यू त्याच्याशी बोलत होत्या. त्यांनी आधी या नेत्याचे, मग त्या नेत्याचे, मग मंजूर होणाऱ्या मदतीबद्दल सगळ्यांचे आभार मानायला सुरुवात केली. कूपरने त्यांना मधेच थांबवलं. इथे रस्त्यावर दोन दिवस पडून असलेल्या बाईचं प्रेत उंदीर खात होते, असं तो म्हणाला. राजकारणी एकमेकांचे आभार मानताना ऐकून इथल्या माणसांना काय वाटत असेल, असं त्याने विचारलं. त्याचा आवाज स्थिर नव्हता. पत्रकाराने असं भावनावश व्हावं का, यावर आमच्या डेस्कवर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की त्याने थांबवलं ते बरोबर केलं. प्रेत रस्त्यावर असताना आभार पुढे ढकलता येतात.

पण त्याच आठवड्यात, त्याच वाहिन्यांवरून आणि त्याच तारेवरून दुसरंही काही येत होतं, आणि ते भाषांतर करून पानावर लावत होते मी. स्टेडियममध्ये लहान मुलांवर अत्याचार, फ्रीझरमध्ये प्रेतांचा ढीग, मदतीच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार. बोलणारेही लहानसहान नव्हते. खुद्द महापौर आणि पोलीसप्रमुख कॅमेऱ्यासमोर ते सांगत होते. मोठ्या पदावरचा माणूस बोलला की पडताळणी झाली, असंच मी धरून चालले होते. कुणी प्रत्यक्ष पाहिलं, किती वाजता, प्रेत कुठे आहे, हे विचारायला मी न्यू ऑर्लिन्सला जाऊ शकत नव्हते हे खरं. पण ‘म्हणतात’, ‘असा दावा आहे’ एवढे दोन शब्द मथळ्यात घालणं माझ्या हातात होतं. ते मी घातले नाहीत, कारण मथळा लांब होत होता.

२६ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्सच्याच टाइम्स-पिकायून या स्थानिक दैनिकाने हे सगळं पुन्हा तपासून छापलं. सुपरडोममधून दोनशे प्रेतं न्यायची म्हणून शीतगृहाचा ट्रक आला होता. निघाली सहा. त्यात खून एकही नाही.

कुणी म्हणेल, चार चुकीच्या बातम्या छापल्या गेल्या, सरकारची अब्रू तर नाहीतरी जायचीच होती. त्या बातम्यांनी सरकारचं काहीच बिघडलं नाही, बिघडलं ते अडकलेल्या माणसांचं. ३१ ऑगस्टला महापौर रे नेगिन यांनी सुमारे दीड हजार पोलिसांना बचावकार्य सोडून लूटमार रोखायला परत बोलावलं. म्हणजे छपरावर बसून चादर हलवणाऱ्या माणसाकडे निघालेला पोलीस दुकानाच्या पहाऱ्याला गेला. बाहेरून येणारी मदत बंदूकधारी सोबतीची वाट बघत थांबली. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीचा अहवाल आला. त्यात सरकारवर वरपासून खालपर्यंत ठपका आहे, आणि हिंसेच्या फुगवलेल्या बातम्यांनी भर घातल्याचंही म्हटलं आहे. त्याच दिवसांतले दोन फोटो पुष्कळांना आठवत असतील. छातीभर पाण्यातून सामान नेणारा काळा तरुण; त्याखाली लिहिलं होतं, दुकान लुटून. तशाच पाण्यातून तसंच सामान नेणारं गोरं जोडपं, त्याखाली, सापडलेलं. हे फोटो वेगवेगळ्या वृत्तसंस्थांचे होते. एकाच पाण्यातल्या एकाच कृतीला दोन शब्द.

टाइम्स-पिकायूनबद्दल थोडं अधिक सांगते, कारण मला हा धंदा कशासाठी करायचा ते त्या वर्तमानपत्रामुळे कळलं, आणि कळेपर्यंत मी तो सोडलेला होता. २००२ साली, वादळाच्या तीन वर्षं आधी, त्यांच्या दोन वार्ताहरांनी लेखमाला लिहून सांगितलं होतं, की मोठं वादळ आलं तर भिंती पुरणार नाहीत आणि ज्यांच्याकडे गाडी नाही ती माणसं शहरातच अडकतील. वादळानंतर त्यांची स्वतःची इमारत पाण्याने वेढली गेली, तेव्हा पेपर वाटायच्या ट्रकांत बसून सगळे बाहेर पडले. काही वार्ताहर मात्र शहरातच राहिले. तीन दिवस कागदावर अंक निघाला नाही, तो इंटरनेटवर काढला. ४ सप्टेंबरला त्यांनी राष्ट्राध्यक्षांना खुलं पत्र लिहिलं. वार्ताहर आणि ट्रक शहरात पोचू शकतात तर तुमची मदत का पोचत नाही, असा रोखठोक सवाल त्यात होता. आणि महिनाअखेरीस अफवाही त्यांनीच खोडून काढल्या, ज्यातल्या काही त्यांच्याच अंकात आल्या होत्या. पुढल्या वर्षी त्यांना लोकसेवेचं पुलित्झर मिळालं. इशारा देणं, जाब विचारणं आणि स्वतःचं चुकलेलं दुरुस्त करणं ही तिन्ही कामं एकाच वर्तमानपत्राने केली, आणि ती करणाऱ्यांपैकी कित्येकांची स्वतःची घरं पाण्यात होती.

आता आमच्या घरातलं पाणी.

सोमवार, २६ ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमी. दिवसभर पाऊस धरून होता. मी गोत्रीला राहते, नदीच्या या अंगाला. आई त्या अंगाला. मंगळवारी सकाळी पूल बंद झाले आणि पुढचे दोन दिवस आमच्यात फक्त फोन, तोही आईच्या मोबाइलची बॅटरी होती तोवर. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट. पाणी ३५च्या वर गेलं. वरून आजव्याचं आणि प्रतापपुऱ्याचं पाणी. वडोदऱ्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात इथे दोन माणसं भेटली की ‘कसं काय’च्या आधी ‘आजवा किती?’ विचारतात. सयाजीराव महाराजांनी शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला हा तलाव. त्याची पातळी फुटांत आणि इंचांत आमच्या तोंडपाठ असते.

लष्कर आलं, एनडीआरएफ आलं, त्यांनी जिवावर उदार होऊन माणसं काढली. हे मी मनापासून लिहिते आहे. पण टीव्ही लावला की दिसायची मगर. छपरावर मगर, रस्त्यावर मगर, मगर पकडून नेणारे तरुण. विश्वामित्रीत मगरी आहेत, त्या आमच्याइतक्याच इथल्या आहेत, आणि पुरात त्या वर येणारच. तीन दिवसांत दोन डझन मगरी पकडल्या गेल्या, ही बातमी आहेच. पण दुसरं काही दिसेनासं होईपर्यंत तीच का? २०१९च्या ३१ जुलैला इथे २४ तासांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हा दीड महिन्याच्या बाळाला टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यातून चालणाऱ्या फौजदाराचा फोटो देशभर गेला. त्या फौजदाराला माझा नमस्कार. पण ते बाळ जिथे जन्मलं त्या वस्तीत पाणी का भरतं, हे त्या फोटोनंतर विचारलं गेलं असतं, तर पाच वर्षांनी तिथे पुन्हा तेच झालं नसतं.

गुरुवारी पाणी उतरायला लागलं आणि आईच्या गल्लीत एका वाहिनीचा मुलगा माइक घेऊन आला. माझ्या तेव्हाच्या वयाचा असेल. आई तीन दिवस पहिल्या मजल्यावर पटेलकाकूंकडे होती, नुकतीच खाली उतरली होती. मी अर्ध्या तासापूर्वी पोचले होते, चपला हातात घेऊन. ओटल्यावर घोट्याएवढा काळा गाळ, आणि त्या गाळाचा एक वास असतो, गटार, डिझेल आणि कुजलेलं धान्य यांचा मिळून. त्या मुलाने विचारलं, ‘माजी, मगर दिसली का?’

आई म्हणाली, ‘मगर नाही दिसली रे बाळा. पण पाणी केव्हा सोडणार ते कुणी सांगितलं नाही, ते लिही. सोमवारी रात्री दिवे होते, फोन चालू होते, तेव्हा सांगितलं असतं तर फ्रिज नाही तरी गहू वर नेले असते. आणि होडी मोठ्या रस्त्यापर्यंत आली, गल्लीत आली नाही. समोर डायलिसिसचा पेशंट आहे, त्याला पोरांनी ट्यूबवर बसवून नेलं. दूध गुरुवारी आलं.’ मग तिने तिच्या सवयीने जोडलं, ‘खिचडी देणाऱ्या मुलांचं भलं होवो.’

संध्याकाळी तिची सहा सेकंदं दाखवली. खिचडी देणाऱ्या मुलांचं भलं होवो.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याने सगळं टिपून घेतलं होतं, मी बघत होते. कापलं ते दुसऱ्या कुणी, एसी खोलीत बसून, जशी मी कधीकाळी बसले होते. लोकांचे आभार खरे असतात. त्यांतला तेवढाच तुकडा उचलून लावला की ते सरकारी प्रशस्तिपत्र होतं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या वाहिनीवर नदीकाठच्या वस्तीत ‘अन्नाच्या पाकिटांची लूट’ असं म्हणाले. आमच्या सोसायटीत ट्रक आला तेव्हा आम्हीही धावलोच होतो. आमच्याबद्दल ते म्हणाले, रहिवाशांनी मदत स्वीकारली.

सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने व्यापाऱ्यांसाठी पॅकेज जाहीर केलं: लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला ५ हजार, छोट्या केबिनला, म्हणजे टपरीला २० हजार, मोठ्या केबिनला ४० हजार, महिन्याला ५ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला ८५ हजार. कपडे आणि घरातल्या सामानाचे घरटी पाच हजार. आकडे छापून आले, ते छापायलाच हवेत. पण चौथ्या महिन्यात जाऊन लारीवाल्याच्या हातात किती पडले, सर्वेवाले कोणत्या गल्लीत आले आणि कोणत्या गल्लीतून तसेच परतले, हे विचारणारा वार्ताहर मला क्वचित दिसला. तोवर कॅमेरे दुसरीकडे गेलेले असतात. आमच्यावर बरसून गेलेलं ते हवामानच बघा ना. सौराष्ट्र-कच्छवरून सरकत ३० ऑगस्टला ते समुद्रात उतरलं आणि तिथे त्याचं चक्रीवादळ झालं, ‘आसना’. ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं ही १८९१ पासूनची फक्त चौथी वेळ. वाहिन्या त्याच्यामागे कच्छच्या किनाऱ्यावर निघून गेल्या. आम्ही मागे राहिलो, गाळ उपसत.

सरकारला काहीच जमत नाही असं मला म्हणायचं नाही. जून २०२३मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छला जखौजवळ धडकलं, त्याआधी सुमारे एक लाख माणसं हलवली गेली होती. १९९८ सालच्या चक्रीवादळात कांडल्याला हजाराहून जास्त माणसं मेली, त्याच किनाऱ्यावर. या पंचवीस वर्षांत जो फरक पडला, त्यात उपग्रह आहेत, अधिकाऱ्यांचे कष्ट आहेत, आणि कांडल्यानंतर ‘इशारा कुणाला मिळाला, मिठागरातल्या मजुराला मिळाला का’ असं विचारणाऱ्यांचाही वाटा आहे. टीका करणाऱ्यांना मदतकार्याचे शत्रू समजतात ना, त्यांना मला एवढंच दाखवायचं आहे.

मात्र ती टीका तपासलेली असावी लागते. मंगळवारी मध्यरात्री आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘आजवा फुटला’ असा मेसेज आला. आईच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आपल्या नव्वदीच्या वडिलांना पाठीवर घेऊन अंधारात, पावसात गच्चीवर चढले. आजवा फुटलेला नव्हता. म्हातारे आजोबा पुढे पंधरा दिवस तापाने झोपून होते. मेसेज पाठवणाऱ्याला वाटलं, आपण सावध करतोय. मलाही २००५ साली असंच काहीसं वाटलं होतं.

आणि इशारे नव्हते असंही नाही. विश्वामित्रीच्या पात्रातले भराव, अतिक्रमणं, बुजवलेल्या कोतरी, म्हणजे नदीकाठच्या घळी, यांबद्दल इथली मंडळी वर्षानुवर्षं लढत होती. मे २०२१मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा, असा आदेश दिला. तीन वर्षं त्या आदेशाची बातमी आतल्या पानावर, दोन कॉलमांत. पूर आल्यावर समिती नेमली गेली, मोठे प्रकल्प आले, २०२५च्या पावसाळ्याआधी पात्र रुंद करायला यंत्रं उतरली. ते आदेश पहिल्या पानावर आणण्याचं काम माझ्या जुन्या धंद्यातल्या लोकांचं होतं.

गच्चीवर कागद वाळत असताना आईने खालून कालनिर्णय आणलं. पुराच्या रात्री वर जाताना तिने देव, औषधं आणि भिंतीवरचं कालनिर्णय एवढंच उचललं होतं. ऑगस्टच्या पानावर, दुधाचा हिशेब लिहायच्या चौकोनांत, तिच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सोम. रा. ११.४० फाटक. मंगळ. प. ३.१० दुसरी पायरी. ७ ओटला. ११.२० घरात. दु. ४ देवघराचा कट्टा. बुध. होडी ऐकू आली, आली नाही. गुरू. ९.१५ दूध, अर्धा लिटर ७० रु. शुक्र. रा. ८ वीज.

पटेलकाकूंच्या जिन्यावर मेणबत्ती घेऊन बसून ती दर तासाला खाली बघत होती. ‘तुझ्या बाबांनी लावलेली सवय,’ म्हणाली, ‘नोंद असू दे.’

मी त्या पानाचा फोटो काढला, त्यातल्या वेळा स्वच्छ कागदावर उतरवल्या, आणि पाणी कधी सोडलं, किती सोडलं, कारेलीबागेला कळवलं का आणि कुणी, असे चार प्रश्न लिहून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. सोबत आईचे चौकोन जोडले. वीस वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, ज्यातली प्रत्येक वेळ पाहणाऱ्या माणसाने स्वतः पाहिलेली होती. पहिलं उत्तर आलं, ते अर्ज दुसऱ्या खात्याकडे वर्ग केल्याचं. मी अपील केलं आहे.

ते २००५चं पान वाळून खाकी झालं. टाकून देऊ का, आईने विचारलं. नको म्हटलं, पेटीत पुन्हा तळाशी ठेव.

यंदाच्या कालनिर्णयाला तिने दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. आषाढ लागल्यापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. ‘आजवा किती?’ मी सांगते. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नसतो; ती लिहीत असते.